पुरुषार्थाचे कैवारी आणि मरणाची पुस्तके

उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या ग्रंथखरेदीचा विषय निघाला म्हणजे एक पक्ष हटकून उभा राहतो. त्याचे म्हणणे असे असते की, ज्या पुस्तकांतून मरणाची, देहाच्या नश्वरतेची आणि धनसंपत्तीच्या फोलपणाची चर्चा चालते ती यापुढे विकत घेऊ नयेत, आहेत ती वरच्या फळीवर जाऊ द्यावीत, आणि अनुदानाचा जो काही तुटपुंजा पैसा हाती येतो त्यातून स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, उद्योगपतींची चरित्रे आणि यशाची सूत्रे सांगणारी पुस्तके आणावीत. या मंडळींना आम्ही या लेखापुरते पुरुषार्थवादी म्हणू, कारण तो शब्द त्यांना विशेष प्रिय आहे. ती मंडळी दुष्ट नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्याला नुसत्या उपहासाने वाटेला लावावे इतके ते हलकेही नाही.

त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच बळाने मांडायचा तर तो असा. हा यवतमाळ जिल्हा. येथे मरण शिकवायला पुस्तक लागत नाही. २००६ साली खुद्द पंतप्रधानांना विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली, त्या सहांत आपला जिल्हा होता. आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय निघाला की त्याचे नाव अजूनही पहिल्या ओळीत घेतले जाते. अशा मुलखात वीस वर्षांच्या पोराच्या हाती क्षणभंगुरतेची पोथी देणे हा अविचार नव्हे तर काय? शिवाय संतांच्या निवृत्तिपर शिकवणीने महाराष्ट्र पंगू केला, असा ठपका इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या व्यासंगी पुरुषाने ठेवलाच होता ना? आणि याहून तिखट असा त्यांचा शेवटचा बाण आहे. वैराग्य, ते म्हणतात, हे भरल्या पोटाचे चोचले होत. पैनगंगेच्या खोऱ्यात ज्याच्या नावावर दोन एकर कोरडवाहू आहे त्याला 'माणसाला जमीन लागते तरी किती' असे विचारणारा गृहस्थ बहुधा स्वतः वीस एकर ओलिताचा धनी असतो.

हा शेवटचा बाण आम्ही प्रथम हाती घेतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याचा निकाल आधी लावल्याशिवाय बाकीच्या कलमांचे कामकाज पुढे सरकत नाही. टॉलस्टॉयची ती कथा १८८६ सालची आहे आणि ती आपल्याकडे इतक्या तोंडांतून फिरली आहे की पुष्कळांना ती मूळची आपल्याच कोण्या कीर्तनकाराची वाटते. पाहोम नावाचा शेतकरी प्रथम शेजारच्या बाईची जमीन घेतो, मग ती अपुरी वाटून दूरच्या प्रांती जाऊन अधिक घेतो, आणि अखेर बाश्कीर लोकांच्या मुलखात, हजार रूबलांत एका दिवसात पायांनी वेढा घालता येईल तेवढी जमीन, या सौद्यावर धावत सुटून सूर्यास्ताच्या क्षणी कोसळतो. आता ज्यांनी ही कथा नीट वाचली आहे त्यांच्या ध्यानी आले असेल की, पाहोम धावतो तेव्हा तो उपाशी नसतो. पोटापुरते त्याच्यापाशी केव्हाच झालेले असते. दोन एकरवाल्याला तिसऱ्या एकराची आस लागते ती भाकरीची आस होय, आणि तिला या कथेतील एक अक्षरही लागू पडत नाही. ज्याला ती लागू पडते त्याने ती दुसऱ्याला ऐकवावी, हा दोष ऐकवणाऱ्याचा. त्याबद्दल पुस्तकाला हद्दपार करण्याचे कारण काय?

आणि आमच्या गावात पाहोम नाहीत असेही नाही. नागपूर-तुळजापूर महामार्ग या तालुक्यातून जातो, आणि अशा रस्त्याच्या दुतर्फा जे घडते ते येथेही घडते: कालपर्यंत ज्या रानात कापूस, सोयाबीन, हळद उभी होती तेथे आज रांगेने दगड रोवलेले दिसतात, आणि शेताचे अकृषिक झाले की त्याचा भाव गुंठ्याने नव्हे, चौरस फुटाने सांगितला जातो. आमचा पाहोम धावत नाही. तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीच्या ओसरीवर बसून इसारपावतीची मुदत मोजतो. त्याला ती कथा वाचून दाखवावी की नाही, यावर पुरुषार्थवाद्यांनी अजून मत दिलेले नाही.

या तालुक्यात सर्वांत मन लावून वाचला जाणारा मजकूर कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही सातबाराचे नाव घेऊ. त्यातील क्षेत्र, आकार, इतर हक्कांतला बोजा, विहिरीची नोंद, हे सारे आमचा शेतकरी, आणि त्याहून अधिक बारकाईने आमचा दलाल, डोळ्यांत तेल घालून वाचतो. याच उताऱ्यावर, खातेदार मयत झाला आणि वारसांची नोंद मंजूर झाली की, त्याच्या नावाला कंस पडतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो, आणि खाली नवी नावे चढतात. पुढे त्यांनाही कंस पडतो. जुने उतारे एकत्र लावून पाहिले तर एकाच गटावर आजा, बाप, चुलते असे कंसांत गेलेले एक कुटुंबच्या कुटुंब सापडते. पुरुषार्थवादी म्हणतात ते खरे आहे, येथे मरण शिकवायला पुस्तक लागत नाही, ते तलाठ्याच्या दप्तरातही नोंदलेले आहे. पण मग ते कंस वाचतो कोण? क्षेत्र दिसते, बोजा दिसतो, कंस मात्र डोळ्यांपुढे असून दिसत नाही, कारण ज्याला आपण वाचन म्हणतो ते केवळ अक्षरांच्या ओळखीने साध्य होत नसून, आधी दुसरे काही वाचून मनाला लागलेल्या वळणाने साध्य होत असते. ज्ञानदेवांनी, तुकोबांनी ज्याच्या दृष्टीला हे वळण लावले त्याला उतारा तोच असून अधिक मजकूर दिसतो, एवढेच आमचे म्हणणे.

आता कोणी म्हणेल की, प्रत्यक्ष मरणाने जे साधत नाही ते कागदावरच्या मरणाने कसे साधावे? याचे उत्तर आमच्या जुन्या लोकांनी स्मशानवैराग्याच्या कल्पनेत देऊन ठेवले आहे. चितेपाशी बसलेला मनुष्य जगातील यच्चयावत् वस्तूंचा त्याग करण्यास तयार असतो, आणि आंघोळ करून घरी येताच वाटणीचा विषय काढतो. दुःखाच्या भरात आलेले शहाणपण दुःखाबरोबर ओसरते. वाचनाचा काळ वेगळा असतो. ते ज्या दिवशी कोणी मेलेले नाही, पीक बरे आहे, डोके शांत आहे, अशा दिवशी होते, आणि म्हणून त्यातून आलेला विचार तपासून घेता येतो, नाकारता येतो, दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा काढून पाहता येते. मात्र येथे आमच्या प्रतिपक्षातील एखादा संस्कृतज्ञ आम्हांला अडवील, आणि अडवावेच, की ज्या परंपरेने स्मशानवैराग्याची थट्टा केली तिनेच पुराणवैराग्यही त्याच पंक्तीला बसविले आहे. (तिसरे एक वैराग्य त्या पंक्तीत आहे; त्याची चर्चा येथे अप्रस्तुत होय.) म्हणजे पोथी ऐकून झालेली विरक्तीही पोथी गुंडाळताच संपते, असे पूर्वजांचेच मत पडले. आम्हांला ते मान्य आहे, आणि त्यातून आम्ही एवढाच निष्कर्ष काढतो की मंडपात बसून ऐकणे आणि एकट्याने वर्षानुवर्षे वाचणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ध्वनिक्षेपकावरून गावभर ऐकू जाणाऱ्या पारायणाचा कैवार घेण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

तसेच गरुडपुराणाचाही नाही. घरात मृत्यू झाला असता त्या दहा-बारा दिवसांत, मन सर्वांत दुबळे असताना, यमलोकाच्या यातना वाचून दाखवायच्या आणि त्यांतून सुटण्यासाठी शय्या, गाय, सोने यांच्या दानाची यादी पुढे करायची, हे मरणाचे चिंतन नव्हे, मरणाची वसुली होय. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकरी जन्मापासून मरणापर्यंत, आणि मेल्यावरही, धर्माच्या नावाने कसा नागवला जातो याचा हिशेब मांडला आहे, त्या हिशेबातील एक आकडाही आम्हांला खोडायचा नाही. पुरुषार्थवाद्यांनी आपला रोख एवढ्यापुरता ठेवला असता तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो असतो. परंतु त्यांनी गरुडपुराण आणि गाथा एकाच फडक्यात बांधली, आणि तेथे त्यांचे वाचन किती उथळ आहे हे उघड झाले.

कारण गाथेचा कर्ता कोण होता? देहूच्या एका सावकारी आणि वाण्याचा व्यापार चालविणाऱ्या, गावची महाजनकी सांभाळणाऱ्या घरचा तो कर्ता पुरुष. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्याचा धंदा बसला, दिवाळे निघाले, अब्रू गेली, आणि पहिली बायको अन्नाविना मेली. हे त्याने स्वतःच आपल्या अभंगांतून निःसंकोचपणे सांगितले आहे. आईबाप त्याआधीच गेले होते, मुलगाही गेला. हा मनुष्य डोंगरावर जाऊन बसला तो केवळ रडत बसला नाही. पूर्वीच्या संतांची वचने त्याने विश्वासाने पाठ केली. म्हणजे तो वाचत होता. आणि त्या वाचनाच्या शेवटी त्याने काय केले? घरी कर्जखतांचे दप्तर होते, लोकांकडून येणे होते. महिपतीने दिलेल्या चरित्राप्रमाणे, धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाटणीची अर्धी खते त्याला देऊन, आपल्या वाटणीची अर्धी तुकोबांनी इंद्रायणीत सोडली.

या अर्ध्या वाटणीकडे आमचे टीकाकार कधी पाहत नाहीत, आणि आमच्या मते सगळे मर्म तेथेच आहे. वैराग्याच्या झटक्यात सगळेच दप्तर बुडविणारा मनुष्य भावाचा हक्क विसरला असता. तुकोबा विसरले नाहीत. दुसऱ्याला वैराग्य सक्तीने लावता येत नाही हा व्यवहार त्यांना पुरता ठाऊक होता. आणि ज्यांची खते बुडाली ते कोण होते? त्याच दुष्काळात होरपळलेली कुळे. एका सावकाराच्या मृत्युचिंतनाने कित्येक ऋणकोंच्या दारची वसुली थांबली. आणि हे ज्याने केले तो स्वतः दिवाळखोर म्हणून गावाच्या दृष्टीने उतरलेला होता, ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाने दोनदा वाचावी.

येथेच त्या सर्वांत गंभीर आक्षेपाचे उत्तर आहे, आणि ते आम्ही जपून देतो, कारण तो विषय शब्दांच्या खेळाचा नाही. पोथी वाचून कर्ज फिटत नाही. पाऊस, भाव, बँक, सावकार, औषधपाणी आणि लग्नकार्य यांचे ओझे पुस्तकाने उचलले जाईल असे म्हणणारा मनुष्य एक तर भोळा किंवा लबाड. जिवावर बेतलेल्याला पुस्तकाआधी माणसांचा आणि उपचाराचा आधार लागतो, आणि सरकारला त्याच्या जबाबदारीतून सूट देण्याचा अधिकार कोणत्याही संताने कोणाला दिलेला नाही. परंतु ज्या ओझ्याने माणूस मोडतो त्यात पैशाच्या जोडीला लाजही असते: नोटीस आली, चारचौघांत नाव गेले, उताऱ्यावर बोजा चढला, म्हणजे आपण माणूस म्हणून संपलो, हा तो हिशेब. माणसाची किंमत आणि त्याच्या मालमत्तेची किंमत एकच, हे समीकरण ज्याने गृहीत धरले त्याला संपत्ती आली की मद चढतो आणि गेली की जगणे अशक्य वाटते. मरणाचा शांतपणे विचार करायला लावणारे उत्तम वाङ्मय याच समीकरणावर घाव घालते. म्हणून ते श्रीमंताला जितके बोचते तितकेच कर्जदाराला मोकळे करते, आणि पुरुषार्थवाद्यांना त्याची पहिलीच बाजू दिसते.

उलट ते जी पुस्तके आणू पाहतात त्यांचा धडा काय? इच्छाशक्ती असेल तर काहीही साध्य होते. ज्याला साधले नाही त्याची इच्छाच कमी पडली. हा धडा मुंबईतील एखाद्या कचेरीत कदाचित उत्साहवर्धक ठरत असेल. पण पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्याचे गाळप अनेक हंगाम थांबले, तेव्हा तेथील कामगाराची आणि ऊस उभा असलेल्या सभासदाची इच्छाशक्ती कोठे कमी पडली होती, हे त्या पुस्तकांच्या कोणत्या प्रकरणात लिहिले आहे? कोरडवाहू मुलखात अपयशाचा सारा दोष माणसाच्या मनावर टाकणारे पुस्तक आम्हांला गाथेपेक्षा शतपटीने घातक वाटते. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके मात्र खुशाल आणावीत. अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलांशी आमचे काही भांडण नाही.

राजवाड्यांच्या ठपक्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याच संतांना राष्ट्रोदयाचे पूर्वतयारीकार ठरविले होते; दोन थोर पुरुषांची मते परस्परविरुद्ध पडली म्हणजे त्यांतील सोयीचे एक उचलून साक्षीला उभे करणे हा वकिली डाव झाला. आम्ही त्याऐवजी असा साक्षीदार उभा करतो की ज्याच्यावर निष्क्रियतेचा आरोप त्याच्या कट्टर वैऱ्यानेही केला नाही.

१८७२ साली रत्नागिरीकडील गंगाधरपंत टिळक अखेरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले असता, त्यांना भगवद्गीतेवरील 'भाषाविवृति' नावाची प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम त्यांच्या मुलावर आले. मुलाचे वय सोळा. मरणशय्येवरील बापाला पोथी वाचून दाखविणारा मुलगा हा आमच्या समाजातील अगदी नेहमीचा प्रसंग, आणि शेकडा नव्व्याण्णवांच्या बाबतीत तो बाराव्या दिवशी संपतो. या मुलाच्या मनात मात्र एक शंका राहून गेली: युद्धास नकार देणाऱ्या वीराला युद्धास उभे करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात, टीकाकार म्हणतात त्याप्रमाणे, केवळ मोक्षाचाच उपदेश कसा असेल? ही शंका घेऊन तो शिकला, त्याने शाळा काढली, वर्तमानपत्रे चालविली, तुरुंग पाहिला. आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला गेल्यावर, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, त्याने तिचे उत्तर लिहून काढले. 'गीतारहस्य' छापून निघाले १९१५ साली. बापाच्या उशाशी केलेल्या वाचनातून ग्रंथाच्या लेखनापर्यंत अडतीस वर्षे गेली. याला पुराणवैराग्य म्हणण्याची कोणाची छाती असेल त्याने म्हणावे. ही हकीकत लोकमान्यांनी स्वतः प्रस्तावनेत सांगितली आहे, तेव्हा तीही पुरुषार्थवाद्यांनी वाचलेली नसावी; कर्मयोगाचे नाव घेणारे पुष्कळ असतात, प्रस्तावना वाचणारे थोडे.

याच विदर्भातील दोन माणसांची नावे घेतल्यावाचून मात्र आम्हांला पुढे जाववत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तुकोबा त्यांच्यापर्यंत कानांनी पोचले. ते अभंग त्यांच्यात असे मुरले होते की, कीर्तन चालू असता एकुलत्या मुलाच्या मृत्यूची वार्ता येऊनही कीर्तन थांबले नाही असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उठविल्या आणि स्वतःच्या मालकीचे गाडगे व खराटा यांपलीकडे काही ठेवले नाही. मरण आठवून हातपाय गळतात हा सिद्धांत या मनुष्यापुढे कसा मांडणार? दुसरे विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली, आणि त्यांत आठव्या अध्यायाच्या निमित्ताने मरणाचे नित्य स्मरण हाच विषय आहे. तेच विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागतात आणि रामचंद्र रेड्डी शंभर एकर देतात. पुढे भूदानात मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळ पडीक निघाल्या, काही कज्ज्यांत अडकल्या, काही कागदावरच राहिल्या, हे आम्ही लपवीत नाही. देणाऱ्यांतही पाहोम होतेच. पण 'माणसाला जमीन लागते तरी किती' हा प्रश्न दोन एकरवाल्याला न विचारता शंभर एकरवाल्याच्या ओसरीवर जाऊन विचारायचा असतो, एवढे तरी त्या माणसाने दाखवून दिले, आणि चोचल्यांचा जो बाण आम्ही प्रथम हाती घेतला होता त्याचे उरलेले अर्धे उत्तर ते आहे.

सर्व बाजूंनी कोंडी झाली की पुरुषार्थवादी एक तडजोड पुढे करतात: ठेवा ही पुस्तके, पण साठीनंतरच्या वाचकांसाठी, तरुणांना इतक्यात नकोत. तडजोड दिसायला सोज्ज्वळ आहे. परंतु साठी उलटलेल्या माणसाने आपली खरेदीखते केव्हाच करून ठेवलेली असतात, मृत्युपत्राचा मसुदाही वकिलाकडे पडलेला असतो, आणि मिळविण्या-न मिळविण्याचा निवाडा करण्याची त्याची वेळ टळून गेलेली असते. ज्याचे सगळे सौदे अजून व्हायचे आहेत त्यालाच हे वाचन उपयोगी. ज्ञानेश्वरी १२९० साली पुरी झाली तेव्हा तिचा कर्ता मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता, आणि एकविसाव्या वर्षी त्याने समाधी घेतली. या तडजोडीप्रमाणे त्याला स्वतःचाच ग्रंथ वाचनालयातून मिळाला नसता. तेव्हा वयाची अट घालायचीच असेल तर आमची सूचना उलट आहे, आणि ती आम्ही पुढच्या सभेच्या टिपणीत रीतसर घालू इच्छितो: सोळा वर्षांच्या कोणत्याही मुलाने किंवा मुलीने गाथा अगर गीतारहस्य मागितले तर अनामत रकमेची चौकशी न करता ते द्यावे, मुदत संपली तरी दंड आकारू नये, आणि साठीच्या पुढील गृहस्थांना मात्र, यशाची सूत्रे सांगणारी पुस्तके त्यांना हवी असल्यास, एका वेळी एकच द्यावे.